पॅस्टन घराण्याचे दप्तर : जमिनीचा पुरावा आणि भाषेचा पुरावा

१. विषयप्रवेश

इ. स. १४६६ च्या ऑक्टोबर महिन्यात इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यातील मार्गारेट पॅस्टन हिने आपल्या थोरल्या मुलास एक पत्र पाठविले. तिचा पती जॉन पॅस्टन त्याच वर्षीच्या मे महिन्यात लंडन येथे मरण पावला होता आणि घराण्याच्या मोठ्या मिळकतीवर प्रबळ शत्रूंचा डोळा होता. अशा वेळी आईने मुलास जो उपदेश केला तो ध्यानात घेण्याजोगा आहे. घराण्याचे लेख व दस्तऐवज नीट जपून ठेव. तुझे वडील आपल्या संकटकाळात सर्व जंगम मालमत्तेपेक्षाही या कागदांना अधिक मोल देत असत. हे कागद एकदा हातचे गेले तर तसे दुसरे तुला कधीही मिळावयाचे नाहीत, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

आईचा हा उपदेश पाळला गेला. त्यामुळेच पंधराव्या शतकातील इंग्रजी समाजजीवनाचे एक अनन्यसाधारण साधन आज उपलब्ध आहे. ‘पॅस्टन लेटर्स’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या दप्तरात पत्रे, मसुदे, याद्या, मृत्युपत्रे, अर्ज आणि टिपणे मिळून सुमारे हजार कागद आहेत. त्याच काळातील स्टोनर, प्लम्पटन आणि सेली या घराण्यांचे पत्रसंग्रहही इंग्रजी भाषेच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जातात. परंतु एकाच घराण्याच्या तीन-चार पिढ्यांचे लेखन एवढ्या सलगपणे दाखविणारा त्या शतकातील संग्रह हाच.

भाषेच्या अभ्यासकांना या दप्तराचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. चॉसरचा मृत्यू १४०० मध्ये झाला आणि कॅक्स्टनने इंग्लंडात मुद्रणालय १४७६ मध्ये स्थापिले. या दोन टोकांमधील काळात सामान्य व्यवहाराची इंग्रजी कशी होती, याचे उत्तर कवींच्या ग्रंथांपेक्षा घरगुती पत्रांतून मिळण्याचा संभव अधिक. तथापि ‘ही पाहा पंधराव्या शतकातील बोलभाषा’ असे म्हणून या पत्रांतील उतारे सरसकट पुढे करण्याची जी प्रवृत्ती दिसते, ती सदोष आहे. कोणताही कागद भाषेचा साक्षीदार म्हणून उभा करण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. तो का जपला गेला? तो कोणाच्या हातचा आहे? आणि तो आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आला? पॅस्टन दप्तराच्या आधारे या तीन प्रश्नांची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. घराणे आणि त्याची मिळकत

नॉर्फकच्या ईशान्य किनाऱ्याजवळ पॅस्टन नावाचे एक लहान गाव आहे. तेथील क्लेमंट पॅस्टन हा १४१९ मध्ये वारला. त्याच्याविषयी एका निनावी टिपणात पुढील माहिती सापडते : तो एक साधा, भला शेतकरी होता, त्याच्यापाशी फार तर शंभर-सव्वाशे एकर जमीन होती आणि तीतही बरीचशी दुसऱ्या मॅनरची बद्ध जमीन होती, धान्य दळावयास नेताना तो घोड्याच्या उघड्या पाठीवर पोते टाकून त्यावर बसून जात असे, त्याची पत्नी जन्माने बद्ध कुळातील होती, आणि मुलाच्या शिक्षणासाठी त्याने कर्ज काढले होते. हे टिपण पॅस्टनांच्या हितशत्रूने लिहिलेले आहे हे उघड आहे. म्हणून त्यातील प्रत्येक तपशील जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. पण घराण्याची सुरुवात सामान्य होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

कर्ज काढून शिकविलेला तो मुलगा म्हणजे विल्यम पॅस्टन (१३७८–१४४४). त्याने कायद्याचा अभ्यास केला, १४२९ मध्ये तो कॉमन प्लीज न्यायालयाचा न्यायाधीश झाला आणि मिळालेल्या पैशातून त्याने नॉर्फकमध्ये एकामागून एक मॅनर खरेदी केले. ‘मॅनर’ म्हणजे केवळ शेतजमीन नव्हे. मालकाची स्वतःची जमीन, खंड देणारी कुळे, सेवेने बांधलेली बद्ध कुळे आणि या सर्वांवर चालणारे मालकाचे न्यायसदन, एवढे सारे मिळून मॅनर होत असे. विल्यमचा मुलगा जॉन (१४२१–१४६६) हाही कायदेपंडितच होता. त्याचा विवाह १४४० च्या सुमारास मार्गारेट मॉटबी या वारसदार कन्येशी झाला आणि तिच्याबरोबर आणखी जमीन घराण्यात आली. जॉन आणि मार्गारेट यांच्या पहिल्या दोन्ही मुलांचे नाव जॉन असेच होते. त्यामुळे संपादकांना पिता-पुत्रांस पहिला, दुसरा व तिसरा जॉन असे क्रमांक द्यावे लागले.

वेगाने वाढलेल्या या मिळकतीस शत्रूही वेगाने निर्माण झाले. विल्यमने खरेदी केलेले ग्रेशम हे मॅनर १४४८ मध्ये लॉर्ड मोलिन्स याने बळकाविले. फ्रान्समधील युद्धांत नाव कमावलेला धनाढ्य सरदार सर जॉन फास्टॉल्फ हा १४५९ च्या नोव्हेंबरात निपुत्रिक वारला. मृत्यूपूर्वी त्याने तोंडी मृत्युपत्राने केस्टरचा किल्ला व आपली बहुतेक मिळकत आपणास दिली, असे पहिल्या जॉनने प्रतिपादिले. या दाव्यावर इतर व्यवस्थापकांनी हरकत घेतली आणि पुढील सतरा वर्षे घराणे त्या वादात होरपळून निघाले. सफकच्या ड्यूकने १४६५ मध्ये हेल्सडन येथील घराची नासधूस केली. जॉनला एकाहून अधिक वेळा लंडनच्या फ्लीट तुरुंगात जावे लागले. १४६९ मध्ये नॉर्फकच्या ड्यूकने केस्टरला वेढा घातला आणि तिसऱ्या जॉनला मूठभर सोबत्यांनिशी तो लढवून अखेर सप्टेंबरात खाली करावा लागला. १४७६ च्या जानेवारीत तो ड्यूक मरण पावल्यानंतरच किल्ला पॅस्टनांकडे परत आला. फास्टॉल्फच्या उर्वरित मिळकतीचा मोठा भाग मात्र तडजोडीने ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजकडे गेला.

३. कागद का जपले गेले

वरील हकीकत ध्यानात घेतली म्हणजे मार्गारेटच्या उपदेशाचा अर्थ स्पष्ट होतो. ज्या काळी जमिनीचा हक्क न्यायालयात कागदावर आणि प्रत्यक्षात मनगटावर ठरत असे, त्या काळी खरेदीखते, मॅनरच्या न्यायसदनाचे गुंडाळे, खंडाच्या याद्या आणि कारभाऱ्यांचे हिशेब ही घराण्याची शस्त्रे होती. पत्रेही त्याच शस्त्रागारात ठेविली गेली. कोणत्या दिवशी कोणी खंड वसूल केला, कोणत्या कुळाने कोणास मालक मानले, प्रतिपक्षाचा माणूस काय म्हणाला, याची नोंद पत्रात होती. उद्या न्यायालयात गरज पडली तर ती हाताशी असावी, हा त्यामागील हिशेब होता. पत्रे जपली गेली ती कौटुंबिक जिव्हाळ्यामुळे नव्हे, हे अभ्यासकाने प्रथम लक्षात ठेवावयास हवे.

कागदांचे सामर्थ्य किती होते याचे एक उदाहरण १४६६ मधलेच आहे. पॅस्टन हे मुळात बद्ध कुळातील असून त्यांना जमीन धारण करण्याचा अधिकारच नाही, असा आरोप त्यांच्यावर करण्यात आला होता. त्यास उत्तर म्हणून घराण्याने जुने दस्तऐवज व न्यायसदनाचे गुंडाळे सादर केले. आणि पॅस्टन हे प्राचीन काळापासून कुलीन असून स्वतःच बद्ध कुळांचे मालक होते, असा निर्वाळा राजा चौथा एडवर्ड याने दिला. एका बाजूस क्लेमंटला दळणाच्या पोत्यावर बसविणारे निनावी टिपण आणि दुसऱ्या बाजूस राजाचा निर्वाळा : एकाच घराण्याविषयीचे हे दोन लेख परस्परांचे खंडन करतात. यांपैकी राजाच्या लेखावर अधिकाराचा शिक्का आहे, पण इतिहासकारांचा कौल निनावी टिपणाच्या बाजूस झुकतो. कागद अस्सल असणे आणि कागदातील मजकूर सत्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा दप्तरशास्त्राचा पहिला धडा येथे मिळतो.

जपणुकीच्या या हेतूमुळे संग्रहास विशिष्ट कल आला आहे. घरातील माणसे एकत्र असताना पत्रे लिहावी लागत नाहीत. न्यायालयाची सत्रे चालू असताना पुरुष लंडनमध्ये आणि स्त्रिया नॉर्फकमध्ये अशी ताटातूट झाली म्हणजे पत्रव्यवहार वाढे. म्हणजे संग्रह भरगच्च असतो तो संकटाच्या वर्षांत. शांततेची वर्षे जवळजवळ मुकी आहेत. ज्या शब्दसंग्रहाचे आपल्याला दर्शन होते तो प्रामुख्याने दावे, खंड, जप्ती, साक्षीदार आणि आश्रयदाते यांच्यासंबंधीचा आहे. घरगुती शब्द येतात ते या मजकुराच्या आडून. १४४८ मधील मार्गारेटचे ग्रेशमहून पाठविलेले पत्र याचे उत्तम उदाहरण होय. त्यात ती पतीकडे यांत्रिक धनुष्ये व त्यांचे बाण मागते, कारण येथील घरे इतकी ठेंगणी आहेत की आतून लांब धनुष्याने नेम धरता येत नाही. त्याच पत्रात, जणू एकाच बाजाराची यादी असावी अशा सहजतेने, ती एक पौंड बदाम, एक पौंड साखर आणि मुलांच्या अंगरख्यांसाठी कापड मागते. युद्धसामग्रीचे शब्द आणि स्वयंपाकघरातील शब्द असे शेजारी येणे ही त्या काळच्या जमीनदार गृहिणीच्या जीवनाचीच साक्ष आहे. दोन वर्षांनी, १४५० च्या जानेवारीत, मोलिन्सच्या माणसांनी ती ज्या खोलीत होती तिची भिंत खणून तिला बाहेर काढले, असे जॉनने आपल्या अर्जात नमूद केले आहे.

४. पत्र कोणाचे आणि हात कोणाचा

या दप्तरात सर्वाधिक पत्रे मार्गारेटची आहेत. त्यांची संख्या शंभराच्या घरात जाते. साहजिकच पंधराव्या शतकातील स्त्रीच्या भाषेचा नमुना म्हणून त्यांचा वारंवार निर्देश होतो. परंतु ती पत्रे एका हातची नाहीत. ती अनेक निरनिराळ्या हस्ताक्षरांत असून त्यांतील एकही निश्चितपणे तिच्या स्वतःच्या हातचे म्हणता येत नाही. मार्गारेट सांगत असे आणि जवळ असेल तो लिहून घेत असे. कधी घरचा पाद्री जेम्स ग्लॉइस, कधी कारभारी रिचर्ड कॉल, कधी तिचे स्वतःचे मुलगे. नॉर्मन डेव्हिस यांनी १९४९ मध्ये या पत्रांच्या संहितेवर आणि १९५४ मध्ये ब्रिटिश अकॅडमीपुढील व्याख्यानात पॅस्टनांच्या भाषेवर जे विवेचन केले, त्याने हा प्रश्न ऐरणीवर आणला.

तेव्हा ‘मार्गारेटची भाषा’ म्हणजे नेमके काय? या प्रश्नाचे उत्तर भाषेच्या थरांप्रमाणे निरनिराळे द्यावे लागते. शुद्धलेखन हे बहुतांशी लेखनिकाचे असते. सांगणारीस अक्षरे दिसत नाहीत. पत्राचा मायना आणि समारोप हे ठराविक साच्याचे असून ते लेखनिक स्वतःहून घालू शकतो. शब्दांची निवड आणि वाक्याची घडण ही सांगणारीची असण्याचा संभव अधिक. पण घाईने सांगितलेला मजकूर लेखनिकाने नीटनेटका केला नसेलच असे नाही. सर्वनामांची रूपे व क्रियापदांचे प्रत्यय या दोहोंच्या सीमेवर पडतात. ऐकलेले रूप लेखनिकाने आपल्या सवयीच्या रूपात बदलून लिहिणे सहज शक्य आहे.

या गुंत्यातून वाट काढण्याची एक पद्धत उपलब्ध आहे. रिचर्ड कॉल याने मार्गारेटसाठी लिहिलेली पत्रे आहेत, तशीच त्याने स्वतःच्या नावाने लिहिलेलीही आहेत. दोन्हींत जे सारखे आढळते ते कॉलचे म्हणावे. उलट मार्गारेटसाठी कॉलने, ग्लॉइसने आणि मुलांनी लिहिलेल्या पत्रांत जे समान राहते, पण त्या त्या लेखनिकाच्या स्वतःच्या पत्रांत सापडत नाही, ते मार्गारेटचे मानण्यास आधार आहे. असे काटेकोर तुलनात्मक काम केल्याविना कोणतेही रूप ‘स्त्रीभाषेचे’ म्हणून दाखविणे म्हणजे कारभाऱ्याच्या लेखणीस मालकिणीची वाणी समजणे होय.

हीच सावधगिरी १४७७ च्या फेब्रुवारीतील एका प्रसिद्ध पत्राबाबतही घ्यावी लागते. मार्जरी ब्रूज हिने तिसऱ्या जॉनला विवाहापूर्वी लिहिलेली दोन पत्रे आहेत. त्यांत तिने त्यास ‘व्हॅलेंटाइन’ असे संबोधिले असल्याने इंग्रजीतील त्या प्रकारच्या सर्वांत जुन्या पत्रांत त्यांची गणना होते. हुंड्याची रक्कम वडील वाढवीत नाहीत आणि वराकडील मंडळी तेवढ्यावर तयार नाहीत, या पेचात सापडलेल्या मुलीचे मन त्यांत उघडे झाले आहे. मात्र अक्षर आहे ते तिच्या वडिलांचा लेखनिक टॉमस केला याचे. भावना मार्जरीची, लेखणी केलाची. अशा पत्रावरून भावनेविषयी बोलणे सुरक्षित आहे. वर्णलेखनाविषयी बोलणे नाही.

५. भाषेची साक्ष

पुरुषांच्या बाबतीत परिस्थिती अधिक अनुकूल आहे, कारण दुसरा व तिसरा जॉन यांची अनेक पत्रे त्यांच्या स्वतःच्या हातची आहेत. दोघांच्या जन्मात केवळ दोन-एक वर्षांचे अंतर, घर एक, शिक्षण जवळजवळ सारखे. मात्र दुसरा जॉन तरुणपणीच राजदरबारात गेला, १४६३ मध्ये त्यास ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याचे बरेचसे आयुष्य लंडनमध्ये गेले. धाकट्याचा वावर मुख्यतः नॉर्फकमध्ये राहिला. भाषाभेदाचे कारण शोधणाऱ्यास यापेक्षा सोयीची जोडी क्वचितच मिळेल.

नॉर्फकच्या लेखनाची एक ठळक खूण म्हणजे ‘शॅल’, ‘शुड’ या साहाय्यक क्रियापदांच्या आरंभी ‘एक्स’ हे अक्षर लिहिण्याची रीत. ही रीत पूर्व अँग्लियाबाहेर सहसा आढळत नाही. मॅकिन्टॉश, सॅम्युएल्स व बेन्स्किन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उत्तर-मध्ययुगीन इंग्रजीच्या भाषिक नकाशासंग्रहात अशा प्रादेशिक लेखनरीतींचा विस्तृत आलेख आहे. घराण्याच्या जुन्या पिढीच्या पत्रांत ही खूण विपुल आहे. बाहेरच्या जगाशी संबंध आलेल्या तरुण पिढीच्या लेखनात तिची जागा सर्वसामान्य रूपे घेऊ लागतात.

दुसरी खूण तृतीयपुरुषी अनेकवचनी सर्वनामांची. जुन्या इंग्रजीतील ‘ह’ने सुरू होणारी रूपे मागे पडून स्कॅन्डिनेव्हियन मूळ असलेली ‘दे’, ‘देअर’, ‘देम’ ही रूपे उत्तरेकडून दक्षिणेकडे पसरत होती. कर्त्याचे रूप प्रथम स्थिर झाले. षष्ठीचे व कर्माचे रूप मागाहून. पॅस्टनांच्या पत्रांत ‘दे’ रुळलेले दिसते, पण कर्मस्थानी ‘हेम’ आणि ‘देम’ यांची रस्सीखेच चालू आहे. एकाच व्यक्तीच्या लेखनात, कधी एकाच पत्रात, दोन्ही रूपे येतात. भाषिक परिवर्तन हे एका दिवशी जुने टाकून नवे घेण्याने होत नसून दोन्हींच्या दीर्घ सहवासाने होते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे.

तिसरे उदाहरण संबंधी सर्वनामाचे. माणसासाठी ‘हू’ या रूपाचा कर्तृस्थानी संबंधी सर्वनाम म्हणून होणारा वापर आज इंग्रजीत नित्याचा आहे. पण पंधराव्या शतकात तो नवा होता. त्याची आरंभीची उदाहरणे पॅस्टन व तत्कालीन इतर पत्रांच्या समारोपात, ‘ईश्वर तुमचे रक्षण करो’ अशा आशयाच्या ठराविक वाक्यात, ईश्वरास उद्देशून येतात. म्हणजे आज अत्यंत सामान्य वाटणारी ही रचना प्रथम औपचारिक साच्यात रुजली व तेथून सर्वत्र पसरली. पत्रांतील मायने व समारोप हे निर्जीव सांगाडे म्हणून वगळू नयेत. नवी रूपे कधी कधी तेथेच प्रथम पाय ठेवतात.

अशा निरीक्षणांना आता संख्याशास्त्रीय आधारही मिळाला आहे. हेलसिंकी येथे टेर्टू नेव्हालाइनेन व हेलेना राउमोलिन-ब्रुनबर्ग यांनी आरंभीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचा जो संगणकीय संग्रह सिद्ध केला, त्यात पॅस्टन पत्रांना महत्त्वाचे स्थान आहे. अलेक्झांडर बर्ग्स यांनी २००५ मध्ये केवळ या घराण्याच्या पत्रांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून व्यक्तीचे सामाजिक संबंध आणि तिच्या लेखनातील रूपभेद यांची सांगड घातली. ‘लंडनला गेला म्हणून भाषा बदलली’ हे सुटसुटीत स्पष्टीकरण प्रत्येक रूपास लागू पडत नाही. एकच व्यक्ती एका रूपाबाबत पुढारलेली व दुसऱ्याबाबत सनातनी असू शकते, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट होते. सरकारी चॅन्सरी कार्यालयाच्या लेखनातूनच प्रमाण इंग्रजी उदयास आली, हे जॉन फिशर यांनी १९७७ मध्ये मांडलेले मतही पुढे मायकेल बेन्स्किन यांच्या टीकेस पात्र ठरले. प्रमाणीकरणाचा मार्ग एकपदरी नव्हता, हेच खरे.

६. उच्चारलेल्या शब्दांचे मोल

दप्तरातील एक प्रकरण भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक वाचावे असे आहे. मार्गारेटची मुलगी मार्जरी हिने कारभारी रिचर्ड कॉल याच्याशी गुप्तपणे विवाहाची वचने दिली-घेतली होती. मालकाच्या मुलीने नोकराशी विवाह करावा ही गोष्ट नवी प्रतिष्ठा जपणाऱ्या घराण्यास असह्य होती. त्या काळच्या धर्मकायद्याप्रमाणे मात्र ‘मी तुला पती म्हणून स्वीकारते’ असे वर्तमानकाळी वचन दोघांनी परस्परांस दिले की विवाह सिद्ध होत असे. त्यास पुरोहित वा साक्षीदार आवश्यक नव्हते. भविष्यकाळी वचन हे केवळ वाग्दान होते. म्हणजे दोन माणसांच्या आयुष्याचा निर्णय क्रियापदाच्या काळावर अवलंबून होता.

१४६९ च्या सप्टेंबरात, केस्टरचा वेढा चालू असतानाच, नॉरिचच्या बिशपने मार्जरीला बोलावून तिने नेमके कोणते शब्द उच्चारले हे विचारले, म्हणजे त्यांनी विवाह होतो की नाही हे ठरविता येईल. मार्जरीने शब्द सांगितले आणि पुढे म्हटले की, एवढ्या शब्दांनी बंधन पक्के होत नसेल तर येथून जाण्यापूर्वी मी ते अधिक पक्के करीन. कॉलची चौकशी स्वतंत्रपणे झाली. दोघांचे म्हणणे जुळले व विवाह मान्य करणे भाग पडले. मार्गारेटने मुलीस घराचे दार बंद केले. शब्दोच्चार हीच कृती असते हा विचार विसाव्या शतकात जे. एल. ऑस्टिन यांनी तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत मांडला. पंधराव्या शतकातील एका मुलीने बिशपपुढे तो आपल्या परीने उपयोगात आणला होता.

हे सर्व आपणास कळते ते मार्गारेटच्या पत्रातून, म्हणजे विरोधी पक्षाच्या लेखातून. मार्जरीच्या स्वतःच्या हातचा शब्द या प्रकरणी उपलब्ध नाही. कॉलने तिला त्याच वर्षी लिहिलेले एक पत्र मात्र शिल्लक आहे. हे पत्र कोणास दाखवू नकोस, वाचून होताच जाळून टाक, अशी त्याने त्यात विनंती केली आहे. ते जळले नाही आणि घराण्याच्याच कागदांत राहिले. जी पत्रे अशी आज्ञा पाळून खरोखरच जाळली गेली, त्यांचा हिशेब कोणत्याही संग्रहास देता येत नाही. जिव्हाळ्याची भाषा ही दप्तरात नेहमीच अपवादाने आढळते याचे कारण हेच.

७. दप्तराचा प्रवास

पॅस्टन घराणे पुढे यार्मथच्या अर्लपदापर्यंत चढले आणि दुसरा अर्ल १७३२ मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारल्यावर पुरुषवंश खुंटला. जमीन गेली, तसे कागदही विखुरले. काही भाग पीटर ल नीव या पुराणवस्तुसंशोधकाने आधीच मिळविला होता. १७३५ मध्ये फ्रान्सिस ब्लोमफील्ड याने ऑक्सनेड येथील घरातील उरलेले कागद पाहिले, तेव्हा पेट्यांखेरीज कित्येक पोती भरतील इतकी सुटी पत्रे तेथे होती. ल नीवचा संग्रह त्याच्या विधवेशी विवाह करणाऱ्या टॉमस मार्टिनकडे, मार्टिनच्या मृत्यूनंतर डिस येथील वर्थ नावाच्या औषधविक्रेत्याकडे आणि त्याच्याकडून जॉन फेन याच्याकडे आला.

फेनने १७८७ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. डाव्या पृष्ठावर मूळ लेखनाप्रमाणे व उजव्या पृष्ठावर तत्कालीन इंग्रजीत अशी त्याची मांडणी होती. त्याने मूळ पत्रे राजा तिसरा जॉर्ज यास अर्पण केली व त्यास ‘सर’ हा किताब मिळाला. पुढील दोन खंड १७८९ मध्ये आणि पाचवा त्याच्या मृत्यूनंतर १८२३ मध्ये निघाला. चमत्कार असा की, यानंतर सर्वच मूळ पत्रे दृष्टीआड झाली. राजास दिलेले खंडही राजाच्या ग्रंथालयात सापडेनात. साहजिकच १८६५ मध्ये हर्मन मेरिव्हेल यांनी जाहीरपणे शंका घेतली की ही पत्रे अस्सल कशावरून? जेम्स गेर्डनर यांनी त्यांना उत्तर दिले. आणि त्याच वर्षी पाचव्या खंडाची मूळ पत्रे सापडली. तिसऱ्या व चौथ्या खंडांची १८७५ मध्ये, तर राजास दिलेली १८८९ मध्ये सफकमधील ऑरवेल पार्क येथे मिळाली. आज त्यांपैकी बहुतेक पत्रे ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

या वादाकडे भाषेच्या दृष्टीने पाहिल्यास एक गोष्ट जाणवते. मूळ पत्रे सापडली नसती तरी अस्सलपणाचा एक पुरावा मुद्रित संहितेतच दडलेला होता. बनावट लेख करणारा जुनाट लेखन सरसकट वापरतो; परंतु निरनिराळ्या व्यक्तींच्या लेखनात निरनिराळे, तरीही प्रत्येकीच्या बाबतीत सुसंगत असे रूपभेद आणि त्यांत पिढीगणिक होत गेलेला बदल अठराव्या शतकातील कोणा एकाला रचणे शक्य नव्हते. त्या काळी अशा बदलांचे ज्ञानच कोणास नव्हते.

संपादनाची रचनाही अभ्यासाची दिशा ठरविते. गेर्डनर यांनी पत्रे कालक्रमाने लावली. कारण त्यांना राजकीय इतिहास हवा होता. पत्रांवर बहुधा वर्ष नसते, एखाद्या संताच्या उत्सवाच्या आगेमागेचा वार असतो. त्यामुळे कालनिर्णय मजकुरातील प्रसंगांवरून करावा लागतो आणि त्यात चुका होतात. डेव्हिस यांनी १९७१ व १९७६ मध्ये आपले दोन भाग मूळ लेखांवरून नव्याने सिद्ध केले. घराण्यातील प्रत्येक व्यक्तीची पत्रे त्यांनी एकत्र आणली, घराण्यास आलेली पत्रे दुसऱ्या भागात वेगळी केली आणि प्रत्येक पत्र कोणाच्या हातचे हे नोंदविले. रिचर्ड बीडल व कॉलिन रिचमंड यांनी पुढे तिसऱ्या भागाची भर घातली. डेव्हिस यांच्या या मांडणीमुळेच व्यक्तिनिष्ठ भाषाभ्यास शक्य झाला.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, जमीनदार घराण्याचे दप्तर हे जमिनीच्या रक्षणार्थ निर्माण होते व त्याच हेतूने टिकते. म्हणून त्यातील भाषेचा अभ्यास करताना कोणते प्रसंग, कोणती माणसे व कोणता शब्दसंग्रह त्यातून गळला आहे याचा विचार आधी हवा. दुसरी, पत्राखालील नाव, पत्रातील वाणी आणि पत्रावरील हस्ताक्षर ही तीन भिन्न तत्त्वे असून त्यांचा पुरावा भाषेच्या निरनिराळ्या थरांना लागू पडतो. तिसरी, संपादक हाही साक्षीदारच असल्याने त्याची मांडणी व गाळसाळ तपासल्यावाचून मुद्रित संहितेवर निष्कर्ष उभारू नयेत.

कोणत्याही भाषेतील जुन्या पत्रव्यवहारावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पॅस्टन दप्तर याच दृष्टीने हाताळावे. मार्गारेटने कागद जपावयास सांगितले ते जमिनीसाठी. ती जमीन घराण्याच्या हातून केव्हाच गेली. तिने लेखनिकास सांगितलेले शब्द मात्र राहिले. ते तिचेच आहेत असे म्हणता येण्यासाठी मात्र प्रत्येक शब्दाची, न्यायालयात साक्षीदाराची व्हावी तशी, उलटतपासणी करणे अभ्यासकास प्राप्त आहे.